साठ मिलिग्रॅमच्या अलीकडे

१९६४ सालच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या छोटेखानी रुग्णालयात हेरॉइनचं जुनं व्यसन असलेले दोघं दाखल झाले. त्यांचं व्यसन सोडवावं, असा बेत त्या वेळी नव्हता. व्हिन्सेंट डोल हे शरीरातल्या चयापचयाचे संशोधक होते, लठ्ठपणा आणि रक्तातली मेदद्रव्यं हा त्यांचा विषय. रोज अफूजन्य पदार्थ घेणाऱ्या माणसाच्या शरीरात नेमकं काय चालतं, हे त्यांना मोजून पाहायचं होतं. त्यासाठी दोघांना ठरलेल्या वेळी मॉर्फिनची इंजेक्शनं सुरू झाली.

मात्र ठरलेला डोस ठरलेला राहीना. दिवसातून चार इंजेक्शनं पुरेनाशी झाली, मात्रा वाढत गेली. दोघं दिवसभर टीव्हीसमोर बसून असत. इंजेक्शन मिळालं की काही वेळ गुंगी, मग थोडा वेळ बरं, आणि मग पुढच्या इंजेक्शनची वाट. आपल्याकडे गर्द ओढणारे ज्याला टर्की म्हणतात ती अंगदुखी, घाम, उलट्या, तडफड दाराशी येऊन उभी राहण्याआधी सुई मिळाली पाहिजे, एवढा एकच विचार. अशा माणसावर ना चयापचयाचे प्रयोग करता येत, ना त्याच्याशी चार शब्द धड बोलता येत. शेवटी डोल यांनी मॉर्फिन थांबवून दोघांना मेथाडोनवर घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत तयार झालेलं हे कृत्रिम वेदनाशामक अमेरिकेत व्यसन्यांची टर्की सुसह्य करायला वापरलं जाई. आठ-दहा दिवसांत मात्रा उतरवत न्यायची आणि माणसाला घरी पाठवायचं, एवढाच त्याचा उपयोग माहीत होता.

इथे एक योगायोग घडला आणि पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा राहिला. दोघांच्या अंगात मॉर्फिन इतकं मुरलं होतं की मेथाडोनची मात्राही मोठी द्यावी लागली. आणि आधीच्या सगळ्या चाचण्या मेथाडोनवर पुन्हा करायच्या होत्या, म्हणून ती मात्रा लगेच उतरवली गेली नाही. मोठा डोस आणि तो दीर्घ काळ, या दोन गोष्टी कुणी न ठरवता एकत्र आल्या. काही दिवसांत वॉर्डमधलं चित्र पालटलं. थोरल्याने रंग मागवले आणि तो झपाट्याने चित्रं काढू लागला. धाकटा अर्धवट राहिलेलं शालेय शिक्षण पूर्ण करू द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागला. पुढच्या डोसची चर्चा थांबली. तोंडाने घेतलेलं मेथाडोन चोवीस तासांहून अधिक पुरतं, हेरॉइन चार-सहा तासांत उतरतं. दिवसातून चारदा वर चढून चारदा खाली आदळणारं शरीर पहिल्यांदाच एका पातळीवर स्थिर झालं होतं.

डोल यांच्या बरोबर मेरी निस्वँडर होत्या. त्या मनोविकारतज्ज्ञ. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, हे शीर्षकातच सांगणारं त्यांचं पुस्तक १९५६ साली आलं होतं. ते वाचूनच डोल यांनी त्यांना रॉकफेलरमध्ये बोलावलं. ईस्ट हार्लेमच्या गरीब वस्तीत त्यांनी वर्षानुवर्षं व्यसन्यांना तपासलं होतं, मनोविश्लेषणाचे उपाय करून पाहिले होते आणि त्यांचा फोलपणाही पाहिला होता. तिसऱ्या होत्या मेरी जीन क्रीक, शिक्षण नुकतंच संपत आलेल्या तरुण डॉक्टर. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी याच विषयाला दिली. वॉर्डमधल्या बदलाचा अर्थ ओळखायला प्रयोगशाळेची शिस्त लागली हे खरं. पण माझ्या मते निस्वँडर यांनी गल्लीत घालवलेली वर्षं नसती, तर ते रंग आणि ती शाळेची मागणी वहीत नोंदवून विसरली गेली असती. हेरॉइनच्या पकडीतला माणूस अशा मागण्या करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

व्यसनी रुग्ण इतर डॉक्टरांकडे दुर्मिळ का झाला होता, याचं उत्तर पन्नास वर्षं मागे आहे. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकेत हॅरिसन कायदा झाला. अफूजन्य औषधं डॉक्टरने फक्त आपल्या व्यवसायाचा भाग म्हणून द्यावीत, असं त्यात होतं. १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की व्यसन्याला टर्की येऊ नये एवढ्यासाठी मॉर्फिन लिहून देणं हा वैद्यकीय व्यवसायच नव्हे. त्याच सुमारास कित्येक शहरांनी व्यसन्यांसाठी सरकारी दवाखाने उघडले होते. लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमध्ये डॉ. विलिस बटलर यांचा दवाखाना तर नीट चालला होता, रुग्ण कामावर जात होते, गावाची तक्रार नव्हती. केंद्रीय अधिकाऱ्यांनी १९२३ साली तोही बंद पाडला. डॉक्टरांनी धडा घेतला. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात व्यसनी हे आजारी असतात असं म्हटलं, पण तोवर व्यसन्याला दारात उभं न करणं ही दवाखान्यांची रीत होऊन बसली होती.

मग उरलं लेक्सिंग्टन. केंटकी राज्यात १९३५ साली उघडलेली ही संस्था म्हणजे अर्धा तुरुंग आणि अर्धं रुग्णालय. लोक तिला अफूबाजांचं शेत म्हणत, कारण तिथे खरोखरच शेती आणि गुरं होती. मोकळी हवा, अंगमेहनत आणि शिस्त यांनी माणूस सुधारेल, ही कल्पना. शिक्षा झालेले कैदी येत, आपणहून भरती होणारेही येत. जॅझ संगीतातल्या कित्येक नामवंतांनी तिथे दिवस काढले. निस्वँडर यांनीही तरुणपणी तिथे नोकरी केली आणि रुग्णांना मिळणारी वागणूक पाहून त्या अस्वस्थ होऊन बाहेर पडल्या.

लेक्सिंग्टनची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोचते. त्याच आवारात व्यसनाच्या अभ्यासाचं जगातलं त्या काळचं अव्वल संशोधन केंद्र होतं. टर्कीची तीव्रता मोजायची पद्धत तिथे बसवली गेली. एब्रॅहम विकलर या संशोधकाने तिथेच एक विलक्षण निरीक्षण केलं: कित्येक महिने काहीही न घेतलेली माणसं नुसत्या नशेच्या गप्पा निघाल्या तरी जांभया देऊ लागत, त्यांचे डोळे आणि नाक वाहू लागे. जुन्या वस्तीत परतल्यावर शरीर अशीच उचल खातं, हेही रुग्णांनी त्याला सांगितलं. म्हणजे अंगातून विष उतरल्यावर आजार संपत नाही, याचा पुरावा १९४० च्या दशकातच त्या इमारतीत जमा होत होता. आणि त्याच इमारतीच्या मुख्य दरवाज्यातून विष उतरलेली माणसं ‘बरी’ म्हणून बाहेर सोडली जात होती. न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे १,९०० रुग्णांचा मागोवा १९६२ साली प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊहून अधिक जण पुन्हा हेरॉइनकडे वळले होते, बहुतेक सहा महिन्यांच्या आत. संशोधन आणि उपचार यांच्यात तिथे जिन्याचं अंतर होतं. तरी ते कुणी ओलांडलं नाही.

रॉकफेलरमधल्या तिघांनी घाई केली नाही. आणखी चार रुग्ण घेतले, मग आणखी. मेथाडोन १० ते २० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू ८० ते १२०च्या आसपास नेत, फळांच्या रसात मिसळून देत. त्या पातळीवर स्थिर झालेल्या रुग्णाला, काय टोचलं हे न सांगता, कधी हेरॉइन, कधी मॉर्फिन, कधी नुसतं मिठाचं पाणी टोचून पाहिलं. हेरॉइनची नशा चढेना. मेथाडोनने मेंदूतल्या त्याच जागा अडवून ठेवल्या होत्या. याला त्यांनी नाकेबंदी म्हटलं. इथून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायची: लहान डोस टर्की थांबवतो, पण ओढ थांबवत नाही आणि हेरॉइनची वाटही अडवत नाही. त्याला मोठा डोस लागतो. ऑगस्ट १९६५ मध्ये २२ रुग्णांचा अहवाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. दीर्घकाळच्या हेरॉइनमुळे शरीराच्या कारभारातच बदल होतो, आणि मधुमेह्याला इन्शुलिन लागतं तसं या रुग्णाला औषध लागतं, अशी डोल यांची मांडणी होती.

अमली पदार्थविरोधी केंद्रीय खात्याचे अधिकारी रॉकफेलरमध्ये आले. हे बेकायदेशीर आहे, थांबवा, असं त्यांनी बजावलं. डोल यांनी शांतपणे सांगितलं की खटला भरा, म्हणजे न्यायालयाकडून एकदाचा स्वच्छ निकाल मिळेल. संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. खटला कधीच भरला गेला नाही. पन्नास वर्षं देशभरच्या डॉक्टरांना ज्या भीतीने गप्प बसवलं होतं, ती एका माणसाने खटला मागितल्याबरोबर मागे हटली. अर्थात त्या माणसामागे रॉकफेलरसारखी संस्था होती. श्रीव्हपोर्टच्या बटलर यांच्यामागे असं कुणी नव्हतं.

पुढची काही वर्षं वेगाची होती. शहराच्या रुग्णालयांचे आयुक्त रे ट्रसेल यांनी मॅनहॅटनमधल्या एका रुग्णालयात खाटा दिल्या. काम पडताळून पाहायला कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस गिअरिंग यांचा गट बाहेरून नेमला गेला. १९६८ साली ७५० रुग्णांचा अहवाल आला. बहुतेकांचा पूर्वेतिहास गुन्ह्यांचा, तुरुंगाचा. आता ते उपचारात टिकले होते, अटका घटल्या होत्या, नोकऱ्या लागल्या होत्या. पंधरा ते पस्तीस वयोगटातल्या न्यूयॉर्ककरांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हेरॉइन ठरत होतं, त्या काळातली ही बातमी आहे.

विरोध झाला, आणि तो सगळाच अडाणीपणाचा नव्हता. व्यसनमुक्तांनीच चालवलेल्या निवासी केंद्रांचं म्हणणं होतं की ही एका नशेच्या जागी दुसरी नशा झाली. त्या केंद्रांमध्ये राहून काही माणसं खरोखर सावरली होती. ती खोटं बोलत नव्हती, त्यांचा अनुभवच तसा होता. कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या अनेक पुढाऱ्यांना वाटे, सरकार आमच्या तरुणांना कायमचं गुंगवून गप्प ठेवू पाहतंय. अलाबामात सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना संशोधनासाठी चाळीस वर्षं उपचाराविना ठेवल्याचं १९७२ साली उघड झालं, तेव्हा ही शंका हवेतली नाही हेही सिद्ध झालं. विज्ञानाने आधी विश्वास कमवायचा असतो, आणि तो गावोगावच्या केंद्रांत, माणसागणिक कमवावा लागतो. त्यासाठी वेळ आणि पैसा कुणी ठेवला नाही.

१९७१ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिला शत्रू म्हटलं आणि त्याच वेळी शिकागोचे डॉ. जेरोम जॅफी यांना उपचारांची राष्ट्रीय यंत्रणा उभारायला बोलावलं. व्हिएतनाममधून हेरॉइनची सवय लागलेले सैनिक परतत होते. जॅफी यांच्या कारकिर्दीत मेथाडोन देशभर पोहोचलं, आणि काही काळ सरकारचा जास्त पैसा उपचारावर खर्च झाला. मात्र १९७२ च्या अखेरीस आलेल्या नियमांनी आणि १९७४ च्या कायद्याने मेथाडोन विशेष परवान्याच्या क्लिनिकपुरतं बांधून टाकलं. घराजवळचा डॉक्टर ते देऊ शकत नव्हता. रुग्णाने रोज सकाळी रांगेत उभं राहायचं, नर्ससमोर प्यायचं, लघवी तपासायला द्यायची. नोकरी सांभाळून रोज असं जाणं किती जणांना जमणार? औषधाने जी हातकडी सोडवली ती क्लिनिकने पुन्हा घातली, असं रुग्ण बोलून दाखवू लागले. १९७६ साली डोल आणि निस्वँडर यांनी दहा वर्षांचा आढावा लिहिला, त्यात निराशा लपलेली नाही. कार्यक्रम वाढला होता, पण उपचाराचे निर्णय डॉक्टरच्या हातून नियमांच्या हाती गेले होते.

आणि डोस घसरला. हे कुणी ठरवून केलं नाही, म्हणून ते दिसलंही नाही. मोठा डोस लिहिला की कागदावर कारण द्यावं लागे. कर्मचाऱ्यांना वाटे, विषाचा हा भाऊबंद, जितका कमी तितका बरा. लघवीत हेरॉइन सापडलं की कित्येक ठिकाणी शिक्षा म्हणून डोस कापला जाई. औषध कमी पडल्यामुळे ज्याने हेरॉइन घेतलं, त्याचं औषध आणखी कमी. असा उपाय दुसऱ्या कुठल्या आजारावर कुणी ऐकला आहे? न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर इथल्या सहा क्लिनिकांचा जॉन बॉल आणि अॅलन रॉस यांनी बारकाईने अभ्यास केला. १९९१ साली तो पुस्तकरूपाने आला. दिवसाला ७० मिलिग्रॅमहून अधिक मिळणाऱ्यांत हेरॉइन जवळपास नाहीसं झालेलं दिसलं, कमी डोसवाल्यांत ते चालूच होतं. उपचार सोडून गेलेल्यांपैकी दहातले आठ जण वर्षभराच्या आत पुन्हा सुईकडे परतले होते.

एव्हाना सुईतून एचआयव्ही पसरत होता. फिलाडेल्फियात मेथाडोन घेणारे आणि न घेणारे, अशा दोन्ही प्रकारच्या टोचून घेणाऱ्यांना दीड वर्ष तपासलं गेलं. सुरुवातीला संसर्ग नसलेल्यांपैकी उपचारातल्या साडेतीन टक्के लोकांना तो झाला, उपचाराबाहेरच्या बावीस टक्क्यांना. हे आकडे १९९३ साली छापून आले. आता त्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. थॉमस डी’ऑनो आणि त्यांचे सहकारी दर काही वर्षांनी देशभरच्या क्लिनिकांची पाहणी करत. किमान म्हणून सांगितलेला डोस दिवसाला ६० मिलिग्रॅम. १९८८ साली, एड्सची साथ ऐन भरात असताना, ७९.५ टक्के रुग्णांना ६० मिलिग्रॅमपेक्षा कमी मेथाडोन मिळत होतं. रॉकफेलरचा अहवाल छापून तेवीस वर्षं झाली होती. कृष्णवर्णीय रुग्ण जास्त असलेल्या क्लिनिकांत डोस विशेष कमी होता. चालकांचा कल संपूर्ण नशामुक्तीकडे असेल तिथेही कमी. ही माणसं उपचारात होती, त्यांच्या नावापुढे मेथाडोन लिहिलेलं होतं, सरकारी तक्त्यात ती ‘उपचाराखाली’ म्हणून मोजली जात होती.

यातली जबाबदारी एकट्या क्लिनिकांवर टाकणं अन्यायाचं ठरेल. तिथले बरेच समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले, तुटपुंज्या पगारावर राबणारे. संशोधनाची नियतकालिकं त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती आणि पोहोचली तरी ती त्यांच्यासाठी लिहिलेली नसत. संशोधक यायचे, प्रश्नावल्या भरून घ्यायचे आणि निघून जायचे. निष्कर्ष काय निघाला हे सांगायला क्वचितच कुणी परत येई. शिवाय प्रयोगासाठी निवडलेले रुग्ण निर्भेळ असत, ज्यांना दारू, नैराश्य, बेघरपणा यातलं काही नाही असे. क्लिनिकच्या रांगेत उभा राहणारा माणूस हे सगळं अंगावर घेऊनच येतो. तेव्हा ‘तुमचं संशोधन आमच्या माणसांना लागू नाही’ हे त्यांचं म्हणणं निव्वळ अडमुठेपणाचं नव्हतं.

१९९८ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने याच दरीवर अहवाल काढला, आणि त्यात दोष दोन्ही बाजूंना वाटून दिला. पुढच्याच वर्षी अमली पदार्थांवरच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने एक जाळं उभारलं. विद्यापीठातले संशोधक आणि वस्त्यांमधली केंद्रं यांनी मिळून प्रश्न ठरवायचे, आणि चाचण्या केंद्रातच, रोजच्या रुग्णांवर करायच्या. त्यांच्या पहिल्या चाचण्या एका नव्या औषधाच्या होत्या: ब्युप्रेनॉर्फिन. इंग्लंडमधल्या हल इथे जॉन लुइस यांच्या गटाने १९६६ साली हे बनवलं होतं. व्यसनावर ते चालेल, असं डोनाल्ड जॅसिन्स्की यांनी १९७८ साली लिहिलं, आणि ते काम लेक्सिंग्टनचंच होतं. त्याचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका कमी. म्हणून २००० सालच्या कायद्याने ते साध्या दवाखान्यातून देण्याची मुभा दिली आणि २००२ च्या ऑक्टोबरात त्याला मान्यता मिळाली. तरीही डॉक्टरने आठ तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, खास परवाना काढायचा, सुरुवातीला तीसच रुग्ण घ्यायचे, अशा अटी राहिल्या. तो परवाना रद्द व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

फ्रान्सने हे वेगळ्या रीतीने केलं. तिथे नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत मेथाडोन अगदी मूठभर लोकांना मिळे. एड्सने भाग पाडलं तेव्हा १९९६ पासून कुठल्याही साध्या डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन लिहून देता येऊ लागलं, विशेष परवान्याशिवाय. गोळ्या चुरून टोचून घेणं, काळ्या बाजारात विकणं हे प्रकार झाले आणि त्यावर टीकाही झाली. पण १९९५ ते १९९९ या काळात अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. ज्ञान दोन्ही देशांकडे सारखंच होतं.

अमेरिकेच्या त्या जाळ्याकडे परत येऊ. बारा केंद्रांत २३४ रुग्णांना तेरा दिवसांच्या ब्युप्रेनॉर्फिनने हेरॉइनमधून उतरवलं गेलं आणि ६८ टक्क्यांनी ते पूर्ण केलं. ज्यांनी कधी औषधाला हात लावला नव्हता अशा केंद्रांना ते हाताळता येतं, हे दिसलं. केंद्रांचा धीर चेपला. पण तेरा दिवसांत उतरवायचं आणि सोडून द्यायचं, ही लेक्सिंग्टनचीच चाल. तिचा हिशेब २०११ साली आला. वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन असलेल्या ६५३ जणांवर दहा केंद्रांत चाचणी झाली. अल्प काळ औषध देऊन उतरवलं तेव्हा ६.६ टक्के लोक ठीक राहिले. तीन महिने औषध चालू ठेवलं तेव्हा, ते चालू असेतोवर, ४९.२ टक्के. आणि औषध बंद केल्यावर आठ आठवड्यांनी ८.६ टक्के. समुपदेशन जास्त दिलं की कमी, याने फारसा फरक पडला नाही. डोल यांच्या दोन रुग्णांवर जे दिसलं होतं, ते सत्तेचाळीस वर्षांनी सामान्य केंद्रांमधल्या सामान्य रुग्णांवर पुन्हा दिसलं. डोसचं म्हणाल, तर ६० मिलिग्रॅमच्या खाली असलेल्या रुग्णांचं प्रमाण २००० सालापर्यंत ३५.५ टक्क्यांवर आलं होतं. निम्म्याहून खाली, तरी दर तिसरा माणूस.

आपल्याकडे गर्द शहरांत शिरली ती १९८० च्या दशकात. अनिल अवचटांच्या लेखांनी ती मराठी घरांपुढे आणली. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण सुरू झालं. तिथल्या पद्धतीचा पाया समूह, शिस्त, कुटुंबाचा सहभाग आणि वर्षानुवर्षांचा फॉलोअप. रुग्ण घरी गेला की काम संपलं, असं त्यांनी कधीच मानलं नाही. रॉकफेलरची वाट औषधाची होती, ही माणसांची, पण दोन्हींनी हा आजार लांब पल्ल्याचा आहे हे ओळखलं. भारतात ब्युप्रेनॉर्फिनचे प्रयत्न नव्वदच्या दशकात सुरू झाले. त्याच काळात त्याची इंजेक्शनं नशेसाठी टोचून घेणारेही शहराशहरांत होते, त्यामुळे ही वाट सोपी नव्हती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७ नंतर ते आपल्या कार्यक्रमात घेतलं आणि ठिकठिकाणी ओपिऑइड सबस्टिट्यूशन थेरपीची (ओएसटी) केंद्रं निघाली. मेथाडोन २०१२ च्या सुमारास प्रायोगिक तत्त्वावर आलं, त्या पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय होतं. डोल यांच्या अहवालानंतर ४७ वर्षांनी. २०१९ साली आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख, आणि त्यातल्या अंदाजे ७७ लाखांना उपचाराची गरज.

या ७७ लाखांच्या घरांत हा लेख वाचला जात असेल, तर त्यांना एक विनंती. घरातला माणूस ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर असेल, कामावर जात असेल, जेवत-झोपत असेल, तर ‘आता ही गोळीही सोड’ असा धोशा त्याच्यामागे लावू नका. शेजारी-पाजारी काय म्हणतात, याने डोस ठरत नाही. त्याच्याबरोबर एकदा केंद्रावर जा आणि डॉक्टरांना विचारा: मिळतोय तो डोस त्याला पुरतोय का, की टर्की थांबली तरी ओढ अजून आहे? गोळी कमी करायची वेळ कधी आली तर ते त्याला आणि डॉक्टरांना मिळून ठरवू द्या, आणि तोवर ती बंद पडणार नाही एवढं बघा.